त्याचं म्हणणं फाइलमध्ये गेलं पाहिजे

अगं, बालगृहातल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय म्हणालीस, फार बरं वाटलं. बोईसरच्या कंपनीत आठवडाभर राबून शुक्रवारची एक सुट्टी मिळते, तीही तू द्यायला निघालीस. पण खाऊ, वह्या, वाढदिवसाचा केक घेऊन येणारी माणसं या मुलांना भेटतात गं. दिवाळीत तर रीघ लागते. भेटत नाही ते एकच माणूस, आपलं म्हणणं लक्षात ठेवून जिथे निर्णय होतो तिथपर्यंत पोचवणारं. यायचं तर त्या कामाला ये.

निर्णय कुठे होतो ते आधी समजून घे. हरवलेलं, टाकलेलं, वीटभट्टीवरून सोडवलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. मूल घरी परत जाईल, बालगृहात राहील की दुसऱ्या कुटुंबात, ते इथे ठरतं. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मुलाचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्कही आहे. पण जव्हार-मोखाड्याकडचं आठ वर्षांचं पोर, घरात वारली नाहीतर कातकरी बोलणारं, ते टेबलापलीकडच्या अनोळखी मोठ्यांपुढे काय बोलणार? मान खाली घालतं. मग कागदावर येतं, ‘मूल काही सांगत नाही.’

असाच एक मुलगा होता. नाव-गाव तुलाही सांगणार नाही. त्याची शाळा, त्याचं आधार कार्ड, मामाचा पत्ता, सगळ्याची चौकशी चालू होती आणि तो मुका बसायचा. पुन्हा पुन्हा जात राहिले, शेजारी बसून राहिले, तेव्हा कधीतरी त्याने विचारलं, “बहीण कुठं हाय माजी?” मुलगे आणि मुलींची गृहं वेगळी, म्हणून ती दुसरीकडे होती. त्याच्या दृष्टीने ती नाहीशीच झाली होती. बाकी कशाचंही उत्तर द्यायला तो मोकळाच नव्हता. आम्ही ते त्याच्याच शब्दांत लिहून समितीला दिलं, भावंडांची भेट झाली, आणि नंतर तो मामाबद्दलही बोलू लागला. मामाकडे त्याला जायचं नव्हतं, त्याला कारण होतं. ते कळलं नसतं तर? याचाच विचार मी अजून करते. भावंडं संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात द्यायची तर शक्यतो एकत्र द्यावीत असं कलम ४४ सांगतं. पण त्यांचं एकमेकांवाचून काय होतंय हे आधी कुणीतरी विचारायला हवं ना.

अमेरिकेत या कामासाठी पदच आहे. सिॲटलचे एक न्यायाधीश होते, डेव्हिड सूकप. मुलांचे निकाल देताना आपल्याला पुरेसं माहीत नसतं या जाणिवेने त्यांना झोप लागेना. १९७७ मध्ये त्यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलाच्या बाजूने कोर्टात बोलायला आणलं, आणि ते तिकडे देशभर पसरलं. आपल्याकडे तसं पद नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे पॉक्सोच्या, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातली सहायक व्यक्ती. ती समिती नेमते, मूल आणि पालकांच्या संमतीने. चौकशीपासून निकालापर्यंत ती मुलासोबत राहते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नेमणुकांबाबत कडक निर्देश दिले. पण त्या कामाला समाजकार्य, मानसशास्त्र असं शिक्षण किंवा अनुभव लागतो. तिथे आत्ताच उडी मारू नकोस, ते काम अर्धवट शिकलेल्याचं नाही.

तुझी सुरुवात गावातून होईल. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, अध्यक्ष सरपंच. अंगणवाडी सेविका त्यात असतेच. तिच्याकडे जाऊन बस. कुठल्या पाड्यावरचं कोण पोर आजीकडे आहे, कुणाचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातात, हे तिला माहीत असतं, जिल्ह्याला नसतं.

आणि आता बालसंगोपनाचं ऐक, कारण माझ्या मते तुझे शुक्रवार इथे सर्वात जास्त उपयोगी पडतील. बाप गेलेला, आई आजारी, मूल आजीकडे. आजीला वाटतं, आश्रमात टाकलं तर निदान दोन वेळा जेवेल. अशा मुलांसाठी सरकारची योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. २०२३ पासून मुलामागे महिन्याला २२५० रुपये, आधी ते ११०० होते. थाटमाट होत नाही त्यात, पण मूल घरात राहतं. अडतं कुठे, तर कागदात. बापाचा मृत्यू झाला वेगळ्या जिल्ह्यात, दाखला आणायला कुणी गेलंच नाही. आधारवर नाव एक, शाळेत दुसरं. आजीचं बँक खातं बंद पडलेलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जायचं म्हणजे तिचा दिवसाचा रोज बुडतो. मग फॉर्म घडी घालून डब्यात राहतो. तू शिकलेली आहेस, ऑनलाइन अर्ज भरता येतो, साहेबाशी न घाबरता बोलता येतं. एका आजीचा एक अर्ज मंजूर होऊन पैसे खात्यावर पडेपर्यंत सोडायचा नाही, एवढं केलंस तर एक मूल बालगृहाच्या दारापर्यंत जाणारच नाही. हे मला भेटवस्तूंच्या ढिगाहून मोठं वाटतं.

काही गोष्टी मात्र बजावून सांगते. मुलाचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर नाहीच, चेहरा झाकूनही नाही. त्याची ओळख उघड केली तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ते बाजूला ठेव, पण उद्या मोठं झाल्यावर त्याला ते चित्र बघावं लागू नये. सणाला ‘घरी नेते हं’ असं म्हणायचं नाही, आदेशाशिवाय कुणाला नेता येत नाही आणि मूल दारात बसून वाट बघतं. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर कधीच देऊ नकोस. मारहाण, छळ असं काही कळलं की तुला सांगावंच लागेल, मुलांच्या मदतीच्या १०९८ क्रमांकावर किंवा पोलिसांत. त्याला आधीच सांगायचं, तुला जपायला जेवढ्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन. मुलं हे समजून घेतात. खोटं मात्र विसरत नाहीत.

आणि त्याला काय हवंय ते आणि तुला काय योग्य वाटतं ते वेगळं लिहायला शीक. त्याला दारू पिणाऱ्या बापाकडे जायचं असेल, तुला ते पटणार नाही. दोन्ही लिही, पहिलं आधी. ठरवायला समिती बसली आहे.

आपल्या पालघर जिल्ह्याला हे नवं नाही गं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, १९५७ मध्ये त्यांचं बालशिक्षणाचं काम कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर अंगणात शाळा भरवली. गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात शाळा नेली. मुलाकडे आपण जायचं, ही रीत या मातीतलीच आहे. डहाणू लोकलने जाताना मला नेहमी त्या दोघी आठवतात.

वर्षभर येता येणार असेल तरच हो म्हण. दोन महिन्यांनी गळणार असशील तर आजच नाही सांग, मी अजिबात रागावणार नाही. या मुलांना सोडून जाणारी माणसं पुष्कळ भेटली आहेत.

येणार असशील तर येत्या शुक्रवारी सकाळी केळवे रोड स्टेशनवर उतर, टमटमने घरी ये. जेवून मग पालघरला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊ. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स आण, दोन फोटो आण, पोलीस पडताळणीचा अर्ज तिथेच कळेल. आणि एक साधी वही आण, दोनशे पानी.