बंब, गिझर आणि पाच बादल्या

खर्डा म्हटले की १७९५ साली मराठे व निजाम यांच्यात झालेली लढाई आठवते. आज मात्र आपण जामखेड तालुक्यातील या गावी एका न्हाणीघरात डोकावणार आहोत. समजा, तेथील पाच माणसांच्या घरात तांब्याच्या बंबाऐवजी गिझर घ्यायचा आहे. दुकानदार विचारतो, "घरात माणसे किती?" प्रश्न योग्य आहे, पण अपुरा. तो पुरा कसा करावयाचा ते पाहू.

प्रथम उष्णतेचा हिशेब करू. एक लिटर पाण्याचे तपमान १° से. ने वाढविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. थंडीत टाकीतील पाणी २०° से. आहे आणि स्नानाला ४०° से. चे १५ लिटर पाणी हवे, असे धरू.

उष्णता = १५ × ४.२ × २० = १२६० किलोज्यूल

ही झाली एका बादलीची किंमत. पाच बादल्यांना ६३०० किलोज्यूल, म्हणजे विजेची पावणेदोन युनिटे लागतील. साधन कोणतेही घ्या, पाण्याला एवढी उष्णता द्यावीच लागेल. मग लहान-मोठ्या गिझरमध्ये फरक कशाचा? फरक वेळेचा! किती उष्णता हवी याबरोबरच ती किती वेळात हवी, हेही विचारले पाहिजे. एका सेकंदात मिळणारी ऊर्जा म्हणजेच शक्ती.

आता दुकानातील दोन पाट्या वाचू. विजेच्या साठवणीच्या गिझरवर '१५ लिटर' लिहिलेले असते. ती त्याच्या टाकीची धारकता होय. गॅस गिझरवरील '६ लिटर' मात्र पाण्याचा वेग सांगते. सामान्यतः त्याचा अर्थ, दर मिनिटास ६ लिटर पाणी २५° से. ने तापेल, असा असतो. म्हणून ६ पेक्षा १५ मोठे, असे येथे म्हणता येत नाही.

२ किलोवॅटचा १५ लिटरचा गिझर घेऊ. त्यातील पाणी २०° वरून ६०° से. पर्यंत नेण्यास २५२० किलोज्यूल, म्हणजे २१ मिनिटे लागतात. हे पाणी तेवढ्याच थंड पाण्यात मिसळले की दोन बादल्या तयार होतात. पुढील प्रत्येक बादलीला साडेदहा मिनिटे लागतात. पाच जणांची स्नाने तासाभरात, एकामागून एक होणार असतील तर हा गिझर पुरतो. पण शाळेची बस गाठण्यासाठी सर्वांना पंधरा मिनिटांतच पाणी हवे असेल, तर चौथ्याची बादली अपुरी राहील.

६ लिटरच्या गॅस गिझरची शक्ती ६ × ४.२ × २५ ÷ ६० = १०.५ किलोवॅट. तो दोन मिनिटांत एक बादली देतो. एवढ्या शक्तीला २३० व्होल्टवर सुमारे ४६ अँपिअर प्रवाह लागेल. घरातील मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. मात्र गॅस जळताना हवेतील ऑक्सिजन वापरला जातो. तो अपुरा पडला तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू तयार होतो व माणूस दगावू शकतो. म्हणून गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा.

मग सर्वांत मोठाच घ्यावा का? नाही. मोठ्या टाकीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे पाणी नुसते साठून असतानाही जास्त उष्णता निसटते.

इंग्लंडमध्ये घर आणि नळाचे पाणी दोन्ही तापविणारा कॉम्बी बॉयलर असतो. तेथेही हाच हिशेब लागू पडतो. ८° से. चे पाणी ४०° से. करून मिनिटास १० लिटर हवे असेल, तर सुमारे २२ किलोवॅट लागतात. दोन न्हाणीघरे एकाच वेळी चालू केली, तर त्याच्या दुप्पट!

करून पहा : उद्या सकाळी टाकीतील व स्नानाच्या पाण्याचे तपमान, बादलीचे माप आणि पहिल्या व शेवटच्या स्नानामधील वेळ नोंदवा. तुमच्या घराला किती किलोवॅट लागतात ते काढा. दुकानदाराच्या प्रश्नाचे पुरे उत्तर मग तुमच्याच वहीत असेल.