बांबूतील भुंगेरा

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या काठी तलकाड हे प्राचीन गाव आहे. गंग राजांच्या या राजधानीतील अनेक मंदिरे कालांतराने वाळूखाली गाडली गेली. वर दिसे ती वाळू; उत्खनन झाले तेव्हा आतील वास्तू प्रकट झाल्या. निसर्गातही कित्येक जीवांचे आयुष्य असेच दृष्टिआड असते. भारताच्या अनेक भागांत आढळणारा बांबूवरील भुंगेरा हा असाच एक जीव होय.

लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांच्या कुलात सुमारे ३५,००० जाती आहेत. त्यांतील अनेकांच्या शृंगिका शरीरापेक्षाही लांब असतात. या भुंगेऱ्याच्या मात्र आखूड असतात. १७८७ मध्ये फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव क्लोरोफोरस अ‍ॅन्युलॅरिस असे आहे. पिवळ्या अंगावरील काळ्या खुणांमुळे तो गांधीलमाशीसारखा भासतो. प्रौढ भुंगेरा फुलांवर येतो. फुलांवर वावरताना अंगाला चिकटलेले परागकण तो दुसऱ्या फुलावर नेऊ शकतो.

हे फुलांवरचे आयुष्य अल्पकाळाचे असते. मादी तोडलेल्या किंवा वाळलेल्या बांबूच्या भेगांत अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी आत शिरून बांबू पोखरते आणि मागील बोगदा भुशाने भरत जाते. बाहेरून बांबू धडधाकट दिसतो. कोषावस्था संपल्यावर भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो, तेव्हाच हानी लक्षात येते.

रानात वाळलेला बांबू पोखरून ही अळी तो मातीत मिसळण्यास मदत करते. तेच काम घरात घडले की शिडी मोडते, मांडवाचा खांब खचतो आणि कारागिराचे श्रम वाया जातात. म्हणून पूर्वीपासून बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. त्यामुळे त्यातील साखर व पिष्टमय पदार्थ निघून जातात आणि कीड कमी लागते. आता बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणाचाही उपयोग करतात. कोवळ्या बांबूऐवजी पक्व बांबू निवडणेही हिताचे असते.

एखादा जीव उपकारक की उपद्रवी, हे तो कोठे राहतो यावर पुष्कळदा अवलंबून असते. त्याचे संपूर्ण जीवनचक्र जाणले, तर त्याला रानात राहू देता येते आणि घरातील बांबूही राखता येतो.

पाठगत प्रश्न
१. बांबूची हानी उशिरा का लक्षात येते?
२. तुमच्या परिसरात बांबू टिकवण्यासाठी काय करतात, ते लिहा.