फोनवरील वसुली आणि रकमेची परतफेड

बारामती व इंदापूर तालुक्यांतील पुष्कळ बागाइतदारांस आतां शेतकीबरोबर थोडी दुकानदारीही करावी लागते. पुणें-सोलापूर रस्त्यावर डाळिंबें किंवा पेरू विकणाऱ्या शेतकऱ्यापुढें क्यूआर कोडाची पाटी असते. आणि खत-औषधें घेतांना तोच दुसऱ्याच्या पाटीपुढें उभा राहतो. म्हणून या व्यवहाराच्या दोन्ही बाजू त्यास ठाऊक असणें जरूर आहे. मालास भाव आला, पण पैसे वाटेंत अडकले, तर त्या भावाचा उपयोग काय?

पैसे येण्याची वाट.— यूपीआय ही पद्धत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेनें २०१६ सालीं सुरू केली. गिऱ्हाइकानें पिन दाबला म्हणजे त्याची बँक रक्कम वजा करते, या संस्थेमार्फत निरोप विक्रेत्याच्या बँकेस जातो व ती बँक रक्कम जमा करते. वॉलेटची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें गिऱ्हाइकानें कंपनीकडे आगाऊ भरून ठेविलेल्या शिलकेंतून पैसे दिले जातात. शिवाय विक्रेत्याचा कोड एखाद्या कंपनीनें दिलेला असल्यास ती दिवसभराची वसुली एकत्र करून मागाहून त्याच्या खात्यांत भरते, असेंही पुष्कळदां होतें. यास्तव साउंडबॉक्स बोलला म्हणजे रक्कम त्याच क्षणीं बँकेंत पडली, असें समजूं नये.

आकार.— बँक खात्यांतून आलेल्या यूपीआय रकमेवर १ जानेवारी २०२० पासून विक्रेत्यास आकार नाहीं. वॉलेटमधून आलेल्या २,००० रुपयांवरील रकमेस १ एप्रिल २०२३ पासून शेंकडा १.१ पर्यंत आकार ठरला आहे. तो विक्रेत्याच्या बाजूचा आहे; गिऱ्हाइकाचा नव्हे.

अडकलेली रक्कम.— समजा, बारामतीस एका बागाइतदारानें ४,८०० रुपयांचें खत घेतलें. त्याच्या खात्यांतून रक्कम गेली, पण दुकानदाराकडे निरोप पोहोंचला नाहीं. "दादा, पुन्हा एकदां पाठवा," असें दुकानदार म्हणतो. अशा वेळीं घाई करूं नये. प्रथम आपल्या ॲपमधील व्यवहाराचा १२ आंकडी क्रमांक पाहावा, व दुकानदारास त्याच्या नोंदींत तो शोधण्यास सांगावें. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणें, विक्रेत्याकडे खात्री न पोहोंचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आंत आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढें विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई आहे, व ती मागावी लागूं नये असा नियम आहे. साध्या खात्यावर पाठविलेल्या रकमेस ही मुदत १ दिवसाची आहे. खत तांतडीनें पाहिजे म्हणून दुसऱ्यांदा पैसे द्यावेच लागले, तर पहिला क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. म्हणजे ती रक्कम मागाहून दुकानदारास पोहोंचली, तर हक्कानें परत मागतां येईल.

विक्रेत्यानें रक्कम परत करणें.— गिऱ्हाइकानें माल परत केला अथवा चुकून अधिक रक्कम पाठविली, तर विक्रेत्यानें आपल्या ॲपमधील मूळ व्यवहार उघडून त्यावरूनच परतफेड करावी. असें केल्यास रक्कम ज्या खात्यांतून आली त्यांतच जाते व नोंद राहते. रोख देणें किंवा सांगितलेल्या भलत्याच क्रमांकावर पाठविणें धोक्याचें आहे. "५०० ऐवजीं ५,००० गेले, बाकी परत द्या," असें म्हणून कोणी फोनवरील चित्र अथवा संदेश दाखवील. तो बनावट असूं शकतो. आपल्या खात्याची जमा पाहिल्यावांचून एक पैसाही देऊं नये. पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं, हें घरांतील मुलांमाणसांसही सांगून ठेवावें.

दाद.— प्रथम आपल्या बँकेकडे किंवा वॉलेट कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. फसवणूक झाली असल्यास मात्र विलंब न करितां १९३० या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं एक जुनीच संवय आम्ही सुचवितों. रोज दिवेलागणीस वही, ॲप व बँकेची जमा यांचा मेळ घालावा. वर्षभर पाणी घालून पिकविलेल्या मालाचे पैसे मोजून घेण्यास जेवढा वेळ लागेल, तेवढा तो कारणींच लागला असें समजावें.