पाठ १४ : तारीख नसलेला परवाना

स्तर ४ • व्याकरण : संपणे आणि संपवणे

वाचण्यापूर्वी

तुमच्या घरातल्या कोणकोणत्या कागदपत्रांवर शेवटची तारीख छापलेली असते? दोन-तीन नावं वहीत लिहा आणि मग पाठ वाचा.

पाठ

सोळा वर्षांखालच्या मुलांचा ब्रिटिश पासपोर्ट पाच वर्षं चालतो, मोठ्यांचा दहा वर्षं. तारीख उलटली की पासपोर्ट आपोआप संपतो. सुट्टीत आजीकडे जायचं तिकीट आधी काढलं आणि पासपोर्ट नंतर पाहिला, तर घरात किती धावपळ होते, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल!

पण काही परवान्यांवर शेवटची तारीखच नसते. इंग्लंडमध्ये घातक कचऱ्याचं केंद्र चालवायला जो परवाना लागतो, तो असाच आहे. घातक कचरा म्हणजे माणसांना, प्राण्यांना, पाण्याला किंवा मातीला इजा करू शकणारा कचरा. उदाहरणार्थ, आम्लं, कारखान्यातली रसायनं, वापरलेलं इंजिन ऑइल, ॲस्बेस्टॉस, गाडीची जुनी बॅटरी.

इतक्या धोकादायक कामाच्या परवान्याला मुदत नाही? ऐकून नवल वाटतं ना? त्याचं कारण समजायला आपण थोडं मागे जाऊया.

वीटभट्टीतली पिंपं

फेब्रुवारी १९७२. वॉरिकशरमधल्या ननीटन गावाजवळ, एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेत ३६ पिंपं सापडली. त्यांत सायनाइडचा कचरा होता. सायनाइड हे अतिशय जहाल विष आहे, आणि त्या मोकळ्या जागेत आसपासची मुलं खेळायला येत असत.

देशभर खळबळ उडाली. एरवी कायदा व्हायला कितीतरी महिने लागतात. हा कायदा मात्र ३० मार्च १९७२ ला, म्हणजे साधारण पाच आठवड्यांत मंजूर झाला. लोकांना धोका होईल अशा प्रकारे विषारी कचरा टाकणं हा गुन्हा ठरला. कचरा हलवायच्या किमान तीन दिवस आधी तिथल्या अधिकाऱ्यांना कळवायचं, अशी अटही आली.

पुढे १९७४ च्या कायद्याने कचरा टाकायच्या जागांना परवाना सक्तीचा केला. पण त्या कायद्यात एक पळवाट राहून गेली. मालकाला वाटेल तेव्हा तो परवाना परत करू शकत होता. परवाना परत केला की त्याच्या अटीही गेल्या. जमिनीखालचा कचरा मात्र तिथेच राहिला!

१९९० च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. नवा नियम १ मे १९९४ पासून लागू होणार होता. मग काय झालं असेल? ओळखा पाहू. ती तारीख यायच्या आत परवाने परत करायला झुंबड उडाली.

आज काय होतं?

आता परवाना आपोआप संपत नाही. तो संपवावा लागतो. त्यासाठी मालकाने एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे अर्ज करायचा आणि त्या जागेमुळे आता प्रदूषणाचा धोका उरलेला नाही, हे पुराव्यानिशी दाखवायचं. एजन्सीची खात्री पटेपर्यंत परवाना चालू, त्याच्या अटी चालू आणि दर वर्षीची फीही चालू! कचरा जमिनीत पुरला असेल, तर तिथे नवा कचरा येणं थांबल्यावरही कितीतरी वर्षं आसपासचं पाणी तपासत राहावं लागतं.

मग या कामात मुदतीच नसतात का? असतात, पण वेगळ्या ठिकाणी. कोणता घातक कचरा आला, याचा हिशेब केंद्राला दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी केंद्राच्या तांत्रिक व्यवस्थापकाला दर दोन वर्षांनी परीक्षा द्यावी लागते. (हो, मोठ्यांनाही परीक्षा असतात.) एजन्सी अधूनमधून परवान्याच्या अटी तपासते आणि गरज पडली तर बदलते.

शिवाय जमीन वापरायची मंजुरी हा वेगळा कागद असतो. त्यावर तारीख असू शकते. नॉर्दम्प्टनशरमध्ये किंग्ज क्लिफ गावाजवळ घातक कचऱ्याचं एक मोठं केंद्र आहे. २०१३ च्या आदेशानुसार तिथलं काम २०२६ च्या अखेरीस थांबणार होतं. पण कंपनीने वेळेत अर्ज केला आणि २०२३ मध्येच मुदतवाढ मिळवली. आता ते केंद्र २०४६ पर्यंत चालू शकेल.

आणि महाराष्ट्रात?

तिकडे पद्धत वेगळी आहे. भारतातल्या २०१६ च्या नियमांनुसार असा परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. मुंबईजवळ तळोज्याला अनेक कारखान्यांचा घातक कचरा स्वीकारणारं केंद्र आहे. अशा केंद्रांना मुदत संपायच्या आत परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं.

याचा फायदा काय? निदान पाच वर्षांनी कोणीतरी ती फाईल उघडून पुन्हा बघतं. आणि अडचण? समजा, एखाद्या केंद्राचा अर्ज उशिरा गेला किंवा कार्यालयातच पडून राहिला. मग कारखान्यांनी कचरा कुठे पाठवायचा? साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ तो त्यांना स्वतःच्या आवारात ठेवता येत नाही. तारीख कागदावर असते, पिंपांना ती वाचता येत नाही. परवाना संपला म्हणून आतलं विष संपत नाही.

म्हणून दोन्ही पद्धतींत खरा प्रश्न एकच आहे : मालकाचं काम संपल्यावर त्या जागेकडे लक्ष कोण देणार?

शब्दार्थ

- परवाना – एखादं काम करायची सरकारने दिलेली लेखी परवानगी
- मुदत – ठरवून दिलेला काळ
- मुदतवाढ – आणखी मिळालेला वेळ
- नूतनीकरण – जुना परवाना पुढच्या काळासाठी नवा करून घेणं
- पळवाट – नियमातून निसटायची वाट
- झुंबड – एकाच वेळी झालेली खूप गर्दी
- खात्री पटणे – एखादी गोष्ट खरी आहे असं पक्कं वाटणं

व्याकरण : संपणे आणि संपवणे

पासपोर्ट संपतो. (आपोआप होतं.)
मालक परवाना संपवतो. (कोणीतरी मुद्दाम करतं.)

अशाच आणखी जोड्या : थांबणे – थांबवणे, मिळणे – मिळवणे, वाढणे – वाढवणे.

योग्य रूप लिहा :
१. पावसामुळे काम \_\_\_\_\_. (थांबणे / थांबवणे)
२. अधिकाऱ्यांनी ट्रक \_\_\_\_\_. (थांबणे / थांबवणे)
३. सरकारने मुदत \_\_\_\_\_. (वाढणे / वाढवणे)

समजलं का?

१. १९७२ चा कायदा इतक्या घाईने का झाला?
२. १९७४ च्या कायद्यात कोणती पळवाट होती?
३. १ मे १९९४ च्या आधी झुंबड का उडाली?
४. 'पिंपांना तारीख वाचता येत नाही' याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

बोला आणि लिहा

वर्गात दोन गट करा. एक गट म्हणेल, 'परवान्यावर तारीख हवीच.' दुसरा म्हणेल, 'तारीख नको, जबाबदारी हवी.' चर्चेनंतर तुमचं स्वतःचं मत आठ-दहा वाक्यांत लिहा. आणि हो, घरी गेल्यावर आई-बाबांना विचारून स्वतःच्या पासपोर्टची तारीख नक्की बघा!