टाकीतला कार्बन

ठाण्याच्या घरात माझी ७५ लिटरची माशांची टाकी आहे. त्यात व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, जावा फर्न आणि एक मोठं लाकूड.

१. फिल्टरमधला सक्रिय (अ‍ॅक्टिव्हेटेड) कार्बन पाण्याचा रंग आणि वास काढतो, अमोनियासारखं विष नाही. टाकी मांडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. नव्या लाकडामुळे पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी टाकीमागच्या कॅलेंडरवरच्या तारखा काचेतून वाचता यायला लागल्या. पाणी एवढं स्वच्छ दिसतंय म्हणून मी ते बदललंच नाही. त्याच आठवड्यात दोन निऑन टेट्रा गेले. अमोनिया आणि नायट्राइटला साधा कार्बन हात लावत नाही. ते काम फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू आणि झाडं करतात, आणि नव्या टाकीत जिवाणूच अजून रुजलेले नसतात. त्या दोन माशांची हळहळ आजही वाटते.

२. पिशवी नळाखाली चोळून धुवा, काळं पाणी थांबेपर्यंत. नाहीतर कार्बनची भुकटी पानांवर बसते.

३. औषधाआधी कार्बन बाहेर. माशांवर पांढरे ठिपके दिसले, म्हणून संध्याकाळी औषध घातलं. पाणी निळं झालं. सकाळी बघतो तर पुन्हा नितळ! औषध कार्बनने ओढून घेतलं होतं. उपचार संपल्यावर मात्र उरलेलं औषध काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

४. ‘कार्बन सगळं खत खातो’ हे अर्धसत्य आहे. नायट्रेट, पोटॅशियम बहुतांशी पाण्यातच राहतात. द्रवखतातलं लोह आणि इतर सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र काही प्रमाणात अडकतात. हायग्रोफिलाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तेव्हा मी पिशवी काढली आणि लोह चालू ठेवलं. पुढची पानं हिरवी आली. तेव्हापासून झाडांच्या टाकीत कार्बन कायमचा ठेवत नाही. काम असेल तेवढे दिवसच.

५. देशी बदामाची पानं आणि कार्बन एकाच वेळी टाकू नका. पानांतून उतरलेलं टॅनिन कार्बन काढून टाकतो.

६. वापरलेला कार्बन उन्हात वाळवून किंवा ओव्हनमध्ये भाजून पुन्हा ताजा होत नाही. त्याला शेकडो अंशांची भट्टी लागते. चुलीतला कोळसाही चालत नाही, त्याला तेवढी सूक्ष्म छिद्रं नसतात. मी नारळाच्या करवंटीचा कार्बन आणतो आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो, कारण उघडा राहिला तर तो हवेतले वासही धरतो.