कृत्रिम दाई

कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. मग पिल्लू चोचीच्या टोकावरील इवल्याशा कठीण उंचवट्याने कवच फोडून बाहेर येते. या वेळी त्याच्या अंगावर केवळ लव असते व तेवढ्याने थंडीचे निवारण होत नाही. ही उणीव खुडूक कोंबडी आपल्या पंखांनी भरून काढते. परंतु तिच्या पंखांखाली मावणार ती किती? जेथे शेकडो पिल्ले वाढवावयाची असतात, तेथे ब्रूडर, म्हणजे कृत्रिम दाई, वापरतात.

हिचे रूप अगदी साधे असते. पत्र्याचे छत्र, त्याखाली विजेचे दिवे, जमिनीवर भाताच्या तुसाची गादी आणि सभोवती पुठ्ठ्याचे वर्तुळाकार कुंपण. ते वर्तुळाकारच असावे. कारण कोपरा सापडला की गारठलेली पिल्ले तेथे एकमेकांवर चढतात आणि तळाची गुदमरून मरतात. दिवेही तापणाऱ्या तारेचे हवेत. हल्लीचे एलईडी दिवे उजेड पुष्कळ देतात, ऊब मात्र फारशी देत नाहीत.

पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवितात. तथापि उष्णतामापकापेक्षा पिल्लेच अधिक खरे सांगतात. ती दिव्याखाली दाटी करून कलकलाट करू लागली, तर त्यांना थंडी वाजत आहे. कुंपणाला टेकून चोची उघड्या टाकून धापा देऊ लागली, तर उकडत आहे. सगळी एकाच बाजूस सरकली, तर कोठून तरी वारा शिरत आहे. काही दाणे टिपीत आहेत, काही पाय पसरून निजली आहेत, असे दिसले म्हणजे सारे ठीक.

कवचातून निघण्यापूर्वी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ह्या शिदोरीवर त्याचा सुमारे दोन दिवस निभाव लागतो. म्हणूनच एक दिवसाची पिल्ले दूरच्या गावी पाठविता येतात. तेथे पोचताच त्यांना आधी पाणी द्यावे. भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले त्यात बुडतात.

खरी कसोटी रात्री वीज गेली म्हणजे लागते. अशा वेळी निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. पण खोली पूर्ण बंद केल्यास तिच्यातील विषारी वायू साचतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो माणसालाही सोडत नाही. म्हणून छताजवळची एक खिडकी उघडी ठेवतात. चार-पाच आठवड्यांत लव झडून पिसे येतात. मग पिल्ले आपण होऊन छत्राखाली जाईनाशी होतात व दिवे मालविले जातात.