पारख आणि पाठराखण

पाठाची ओळख

खेड्यातील उद्योजकांना आपली कल्पना परीक्षकांपुढे मांडता यावी, यासाठी अनेक ठिकाणी स्पर्धा भरवल्या जातात. कल्पनेची निवड करणे म्हणजे पारख आणि निवडलेल्या माणसाला उद्योग उभा राहीपर्यंत साथ देणे म्हणजे पाठराखण. या दोन्ही कामांचे स्वरूप कसे असते आणि एकाच्या अभावी दुसरे का अपुरे पडते, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

ग्रामीण उद्योजकतेला हात देणाऱ्या शहरांत चेन्नईचे नाव आवर्जून घ्यावे लागते. २००१ मध्ये पॉल बेसिल यांनी येथे ‘रुरल इनोव्हेशन्स नेटवर्क’ ही संस्था सुरू केली. पुढे ती ‘विलग्रो’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २००६ मध्ये आयआयटी मद्रास या संस्थेत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञान व व्यवसाय यांचे संगोपन करणारे केंद्र उभे राहिले. कल्पना निवडाव्यात, त्यांतील उणिवा दूर कराव्यात आणि त्यांना बाजारापर्यंत पोहोचवावे, हा अशा संस्थांचा उद्देश असतो.

स्पर्धेत उद्योजकाला बोलण्यासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात परीक्षकाला बरेच काही जाणून घ्यायचे असते. वस्तू कोण विकत घेणार? आज त्याची गरज कशाने भागते? वस्तू बिघडली तर गावात दुरुस्त होईल का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रीनंतर हाती काय उरणार?

समजा, एका बचतगटाने शेवग्याच्या पाल्याची पूड करून विकायचे ठरवले. एका पाकिटाचा खर्च ४० रुपये आणि विक्रीची किंमत ५० रुपये. दहा रुपये नफा होईल, असे गटातील महिला सांगतात. परीक्षक विचारतो, “दुकानदार काय घेतो?” उत्तर येते, “आठ रुपये.” “आणि पाकिटे शहरात कशी नेता?” वाहतुकीला पाकिटामागे तीन रुपये पडतात. म्हणजे दहा रुपयांचा नफा नव्हे, तर एक रुपयाचा तोटा! पूड उत्तम आहे आणि कष्टही प्रामाणिक आहेत. चुकला आहे तो हिशेब. केवळ परीक्षकाची भूमिका घेणारा येथे गुण कमी करून थांबेल. मार्गदर्शक मात्र गटासोबत वही घेऊन बसेल. पाकीट मोठे करावे, आठवडी बाजारात थेट विकावे की वाहतूक दुसऱ्या गटाबरोबर वाटून घ्यावी, हे तो त्यांच्याकडूनच काढून घेईल.

म्हणूनच ही दोन्ही कामे वेगळी ठेवणे हिताचे असते. ज्याने एखाद्या स्पर्धकाला महिनोन्‌महिने शिकवले, त्याने त्याच स्पर्धकाला गुण देऊ नयेत. मनात आपलेपणा असतो आणि इतरांवर अन्याय होऊ शकतो. परीक्षकाने आणखी एक पथ्य पाळायला हवे. सफाईदार इंग्रजीत बोलणाऱ्याचा उद्योगही तसाच सफाईदार असेल, असे मानू नये. स्पर्धकाला स्वतःच्या भाषेत बोलू द्यावे आणि गरज पडल्यास दुभाषी द्यावा.

भाषणाऐवजी कामाची पारख झाली तर काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम. वडिलांच्या अपघाती निधनामुळे त्यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. वेल्डिंगच्या कामात त्यांचा हात तयार झाला. गरीब स्त्रियांना परवडतील असे सॅनिटरी पॅड बनवण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. लगदा मोकळा करणे, दाबून आकार देणे, आवरण घालणे आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करणे, अशा सोप्या टप्प्यांत काम करणारे यंत्र त्यांनी घडवले. कोट्यवधी रुपयांच्या परदेशी यंत्रांसमोर त्याची किंमत एक लाखाच्याही आत होती. २००६ मध्ये ते हे यंत्र घेऊन आयआयटी मद्रासमध्ये गेले. तेथून त्याची नोंद राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या पुरस्कारासाठी झाली आणि शेकडो प्रवेशिकांमधून ते पहिले आले. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला. यंत्र मोठ्या कंपनीला विकून मोकळे होण्याऐवजी त्यांनी ते महिलांच्या बचतगटांना दिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

आता महाराष्ट्राकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी ‘एचएमटी’ हे बारीक तांदळाचे वाण तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून हे नाव पडले. वाण अनेक राज्यांत पसरले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. मात्र ३ जून २०१८ रोजी निधन होईपर्यंत आर्थिक ओढाताणीने त्यांची पाठ सोडली नाही.

दोघांचीही पारख झाली, दोघांनाही राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. मग फळ वेगळे का? एक कारण वस्तूतच आहे. यंत्र घडवणाऱ्याला प्रत्येक यंत्रामागे किंमत मिळते. बियाणे मात्र एकदा दुसऱ्याच्या हाती गेले, की तोही ते वाढवू शकतो. पेरणाऱ्याचे हक्क मान्य करणारा कायदा २००१ मध्ये झाला. तोवर एचएमटी घरोघरी पोहोचले होते. अशा माणसाला सन्मानचिन्हाबरोबरच वाणाची नोंदणी, बियाण्याची विक्री आणि करार यांची माहिती देणारा सोबती वेळेवर हवा असतो.

निकाल एका दुपारी जाहीर होतो. उद्योग उभा राहायला वर्षे लागतात. स्पर्धेचे खरे मोजमाप विजेत्यांच्या छायाचित्रात नसते. दोन वर्षांनी त्यांच्या वहीत जमेची बाजू खर्चापेक्षा मोठी आहे का, यात ते असते.

शब्दार्थ

पाठराखण – पाठीशी उभे राहणे
संगोपन – जोपासना, सांभाळ
वाण – पिकाची विशिष्ट जात
पथ्य – पाळावयाचा नियम
अल्पभूधारक – थोडी जमीन असलेला

स्वाध्याय

१. परीक्षक आणि मार्गदर्शक यांच्या कामातील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. शेवग्याच्या पुडीच्या उदाहरणात बचतगटाला तोटा का झाला, ते आकडेमोड करून दाखवा.
३. यंत्र आणि बियाणे यांच्या स्वरूपातील कोणता फरक लेखात सांगितला आहे?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या लहान उद्योगाला भेट द्या. एका वस्तूचा खर्च, विक्रीची किंमत आणि उरणारा नफा यांचा तक्ता तयार करा.